जुने यंत्र स्वस्त का मिळते?

वीस-पंचवीस हजार रुपये, घरातला एक रिकामा कोपरा आणि बऱ्यापैकी इंटरनेट एवढ्या भांडवलावर क्रिप्टोचे माइनिंग सुरू करता येते, हा प्रचार आता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. प्रचारकांचे म्हणणे थोडक्यात असे: मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेली यंत्रे स्वस्तात मिळतात, त्यातले एक घ्यावे, अनेकांची यंत्रे जोडून कमाई वाटून घेणाऱ्या एखाद्या पूलमध्ये खाते उघडावे आणि यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे. बिटकॉइनचा भाव चढतच जाणार, त्यामुळे आजचे थोडे उद्या पुष्कळ होईल. ज्याला हे पटत नाही तो भित्रा, नोकरीला चिकटून बसणारा मराठी माणूस.

हा शेवटचा टोमणाच खरा विक्रेता आहे. धाडस नसल्याचा शिक्का नको म्हणून पोरे बापाच्या मुदतठेवीला हात घालतात. म्हणून या म्हणण्याचा समाचार घेतलाच पाहिजे.

जुने यंत्र स्वस्त का मिळते, एवढा एकच प्रश्न विचारला तरी या प्रचाराचा पाया हलतो. बिटकॉइनच्या माइनिंगमध्ये यंत्र दुसरेतिसरे काही करत नाही; एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून अंदाजामागून अंदाज काढून पाहते, आणि ज्याचा अंदाज आधी बसतो त्याला ब्लॉकचे, म्हणजे व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याचे, बक्षीस मिळते. २००९ मध्ये हे बक्षीस ५० बिटकॉइन होते. साधारण दर चार वर्षांनी ते निम्मे होते, आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ आहे. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे दिवसाला १४४ ब्लॉक आणि सुमारे ४५० नवे बिटकॉइन. जगातल्या सगळ्या यंत्रांना मिळून वाटणी होते ती मुख्यतः एवढ्याचीच. यंत्रे वाढली की दर २,०१६ ब्लॉकनंतर गणिताची काठिण्यपातळी आपोआप वाढते आणि वाटणी तेवढीच राहते. एकाच ओढ्यावर कितीही नव्या मोटारी बसवल्या तरी ओढ्याचे पाणी वाढत नाही, तसे हे आहे.

आता हिशेब. अशा जाहिरातींत हटकून दिसणारे यंत्र म्हणजे २०१६ मधले अँटमायनर एस-९. सेकंदाला साडेतेरा टेराहॅश (म्हणजे साडेतेरा लाख कोटी अंदाज) आणि सुमारे १,३५० वॉट, ही त्याची ताकद आणि ही त्याची भूक. चोवीस तासांत ते ३२ युनिट वीज घेते, महिन्याला जवळजवळ ९७०. दुसरीकडे, २०२४ मध्येच जगभरच्या यंत्रांची एकत्रित शक्ती सेकंदाला ६०० एक्साहॅशच्या (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) घरात गेली होती आणि पुढे ती आणखी वाढली. प्रचारकांच्या सोयीचा म्हणून ६०० चाच आकडा धरू. मग एस-९ च्या वाट्याला दिवसाला सुमारे एक हजार सातोशी येतात, म्हणजे एका बिटकॉइनचा एक लाखावा भाग. बिटकॉइन ८० लाख रुपयांना धरला तर ही कमाई होते रोजचे ८० रुपये. पूलचे शुल्क त्यातूनच जायचे.

आणि वीज? महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्यांनी चढतो. पहिल्या शंभर युनिटांचा दर सोसवतो. पाचशे ओलांडले की वहन आकारासह युनिटमागे पंधरा रुपयांच्या वर जातो. घरचा पंखा, फ्रिज, टीव्ही आधीच खालचे टप्पे व्यापून बसलेले असतात, त्यामुळे यंत्राची बहुतेक सगळी वीज वरच्या टप्प्यांत मोजली जाते. तरीही मेहेरबानी म्हणून सरासरी १२ रुपये धरू. ३२ युनिटांचे ३८४ रुपये रोज. कमाई ८०, खर्च ३८४. महिन्याला साडेअकरा हजारांचे बिल आणि हातात चोवीसशे. वीस हजारांचे यंत्र दोन महिन्यांच्या आत स्वतःच्या किमतीएवढी वीज खाऊन मोकळे होते.

म्हणून ते स्वस्त आहे. २०२४ च्या पिढीतले एस-२१ एका टेराहॅशसाठी साडेसतरा जूल खर्च करते, एस-९ शंभर, जवळजवळ सहापट. जलविद्युत हाताशी असलेल्या भूतानसारख्या देशाच्या सरकारी कंपनीने माइनिंगमध्ये उतरणे समजू शकते. २०२१ ची बंदी येईपर्यंत चीनमधल्या सिचुआनात पावसाळ्यातल्या जादा विजेवर शेकडो शेड चालत, तेही समजते. अशा ठिकाणीही ज्या यंत्राचे गणित जमेना ते यंत्र वरच्या टप्प्याचा दर भरणाऱ्या घरात आणून चालवा, असे सांगणारा माणूस ग्राहकाला गणित येत नाही असे धरून चालला आहे. कमी भांडवलाच्या माणसाला नवे यंत्र परवडत नाही. जुने परवडते, पण त्याचे बिल परवडत नाही. ही कोंडी धाडसाने सुटत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: आज तोटा असला तरी भाव वाढेल. वाढू दे. ज्याचा भाववाढीवर विश्वास आहे त्याने बिलाच्या ३८४ रुपयांचे बिटकॉइनच विकत घ्यावेत. यंत्र चालवून त्याला ८० रुपयांचे मिळाले असते, आता ३८४ चे मिळतील. भाव दुप्पट झाला तर दोन्ही दुप्पट. शिवाय भाव चढला की जगभर नवी यंत्रे लागतात, काठिण्य वाढते आणि जुन्या यंत्राचा वाटा आणखी घटतो. भाववाढ हा बिटकॉइन बाळगण्याच्या बाजूचा युक्तिवाद आहे, जुने यंत्र चालवण्याच्या बाजूचा नाही.

मग छतावरच्या सौर पॅनेलचा मुद्दा निघतो. तीन किलोवॉटचा संच आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिट देतो. यंत्राला ३२ लागतात, त्यातली जवळजवळ निम्मी सूर्य मावळल्यावर. आणि ते बारा युनिट फुकटचे नसतात. नेट मीटरिंगमध्ये ते घरच्या बिलातून वजा होतात. जे युनिट घरचे बारा रुपये वाचवते ते अडीच रुपयांच्या कमाईसाठी जाळायचे, याला बचत म्हणत नाहीत. आकडा टाकण्याचा सल्लाही दबक्या आवाजात दिला जातो. तो सरळ वीजचोरीचा गुन्हा आहे. धंद्यासाठी घरगुती जोडणी वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

एस-९ ऐवजी दुसरे साधन शोधावे, तर ग्राफिक्स कार्डांवरच्या माइनिंगचे दिवस १५ सप्टेंबर २०२२ ला सरले, त्या दिवशी इथेरियम या क्रिप्टोने माइनिंगच बंद केले. मोबाइलवर माइनिंग करणारी ॲप २०१८ मध्येच मोठ्या ॲप दुकानांनी हद्दपार केली. आणि एस-९ च घरात ठेवायचे म्हटले तर त्याचा आवाज ७५ डेसिबलच्या आसपास असतो, तो फ्लॅटमध्ये नांदू शकत नाही.

कराबद्दल मात्र प्रचारक गप्प असतात. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीतल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. संपादन किमतीखेरीज कोणताही खर्च त्यातून वजा होत नाही, आणि माइनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च संपादन किमतीत धरला जाणार नाही, हे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितले आहे. म्हणजे आधीच बुडालेल्या माणसाने त्या ८० रुपयांवर करही भरायचा.

‘यंत्र आमच्याकडे, हप्ता तुमच्याकडे’ हा क्लाउड माइनिंगचा प्रकारही महाराष्ट्राला नवा नाही. दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असे परताव्याचे आश्वासन देणारी योजना २०१८ मध्ये पुण्यात पोलिसांच्या दप्तरी आली, तेव्हा तिच्यात सामान्य पगारदारांचे पैसे अडकले होते. त्याही वेळी शंका घेणाऱ्यांना तंत्रज्ञानद्वेष्टे म्हटले गेले. तो वाद तेव्हाच संपायला हवा होता. दरमहा दहा टक्के मिळवून देणारे यंत्र ज्याच्याकडे असते तो त्यासाठी गावोगावी सभा घेत नाही.

उलट बाजूची अतिशयोक्तीही इथे नाकारली पाहिजे. माइनिंग म्हणजे निव्वळ जुगार आणि बेकायदा उद्योग, असे सांगणारे शहाणे आहेत. बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर ठेवणारे २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, आणि भारतात माइनिंगवर बंदी नाही. कुणाचाही कुणावर विश्वास नसताना हजारो संगणक एकाच हिशेबवहीवर एकमत कसे करतात, हे शिकण्यासारखे आहे. त्यातून पुढे नोकरीलाही उपयोगी पडणारे ज्ञान मिळते.

ते शिकायला यंत्र विकत घ्यावे लागत नाही. घरात असलेल्या डेस्कटॉपवर मोनेरो या दुसऱ्या क्रिप्टोचे माइनिंग करून पाहता येते. नोव्हेंबर २०१९ पासून त्याची पद्धत मुद्दाम साध्या प्रोसेसरला झुकते माप देणारी आहे. कमाई नगण्य असते, पण पूल, वॉलेट, काठिण्य हे सगळे हाताखालून जाते. बिटकॉइनची पूर्ण नोड, म्हणजे ती हिशेबवही स्वतः तपासणारी प्रणाली, जुन्या संगणकावर छाटलेल्या स्वरूपात काही जीबी जागेत चालते. यंत्रच हवे असेल तर बिटॲक्ससारखे एका चिपचे यंत्र पंधरा वॉटवर चालते, महिन्याला अकरा युनिट. त्यावर एकट्याने ब्लॉक सापडण्याची शक्यता, वरचेच आकडे धरले तर, वर्षाला साडेनऊ हजारांत एक आहे. ही शिकण्याची फी आहे. तिला गुंतवणूक म्हणू नये.

ज्याला तरीही जुने यंत्र घ्यायचे आहे त्याने गेल्या महिन्याचे वीजबिल काढावे, सगळ्यांत वरच्या टप्प्याचा दर पाहावा, यंत्राच्या चोवीस तासांच्या युनिटांनी त्याला गुणावे आणि तो आकडा विक्रेत्यासमोर ठेवून रोजच्या कमाईचा हिशेब लेखी मागावा. लेखी मिळाला नाही तर पैसे देऊ नयेत.