खिशातला कांदा

आमच्या नगर जिल्ह्यात वैशाख तापला, की शर्टांच्या खिशांना गळू झाल्यासारखं दिसू लागतं. ते गळू नसून कांदा असतो. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, हे आम्ही बाळकडूबरोबरच प्यालेलो आहोत. घोडेगावच्या बाजारात कांद्याला भाव नसतो, तेव्हासुद्धा खिशात त्याची पत शाबूत!

माझं कांद्याशी वाकडं नाही. पोह्यात घाला, पिठल्याबरोबर बुक्कीनं फोडून खा. पण तो अंगातली उष्णता ओढून घेतो म्हणणाऱ्यानं एकदा थर्मामीटर लावून दाखवावं. पाठीवर तर तो सावलीही धरीत नाही; कातडी करपायची ती करपतेच. तिला छत्री, उपरणं, लांब बाह्याच लागतात. अंग थंड ठेवतो तो घाम, आणि घामाला लागतं पाणी. घाम पुरा पडेनासा झाला, की अंगातली उष्णता ४० अंशांच्या वर चढते, माणूस बरळू लागतो, कोसळतो. अशा वेळी त्याला सावलीत न्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. आणि आपण काय करतो? कांदा फोडून नाकाशी धरतो! कुणी क्रोसिन काढतो. ती गोळी या तापाला ओळखतसुद्धा नाही.

पण खरं भांडण कांदा सुचवणाऱ्याशी आहे. हा इसम नेहमी सावलीत बसलेला असतो. कुठलाही जाहीर समारंभ बघा. पाहुण्यांना मांडव, श्रोत्यांना आकाश. वर निवेदक म्हणणार, ‘रणरणत्या उन्हातही आपण एवढ्या संख्येनं...’ अहो, ते ऊन श्रोत्यांनी काय डब्यातून आणलं? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला. व्यासपीठावर छत होतं, मैदानावर नव्हतं. १४ माणसं गेली. मग सरकारला सुचलं, की उन्हाळ्यात दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत. हे शहाणपण गुरं राखणाऱ्या पोराला उपजतच असतं. तो दुपारी लिंबाखाली असतो.

तेव्हा समारंभ सकाळी सातला घ्या. जमत नसेल तर मांडव उलटा घाला : श्रोत्यांवर छत, व्यासपीठ उन्हात. भाषणं चार मिनिटांत आटपतील. पाहुण्यांना शाल-श्रीफळाबरोबर एकेक कांदा द्यायला आमची ना नाही.