खिडकी पाडायची, पण भिंत कुणाची?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावात आरोग्य शिबिर होतं. बचत गटाच्या बायका देवळात जमल्या होत्या. मी तक्ते लावले आणि दहा वर्षं जे बोलत आले तेच बोलायला लागले : घरात हवा खेळती ठेवा, ओलं सरपण जाळू नका, तान्ह्या मुलाला घेऊन चुलीपुढे बसू नका, स्वयंपाकघराला समोरासमोर खिडक्या ठेवा. मागून एक मावशी म्हणाल्या, "ताई, खिडकी पाडीन की. पण भिंत माझी हाय का?"

बायका हसल्या, मीही हसले. परतताना एसटीत मात्र लाज वाटली. समाजकार्याची पदवी घेऊन मी इतकी वर्षं या बायकांना त्यांच्या हातात नसलेल्या गोष्टी करायला सांगत होते.

आपले सगळे तक्ते एकदा काढून बघा. प्रत्येक वाक्य 'ठेवा', 'करू नका' असं संपतं, आणि चित्रात बाईच असते. घर बांधताना मिस्त्रीशी बोलतो नवरा, पैसे मोजतो सासरा, मंजुरी देते पंचायत. हवा शुद्ध ठेवायची जबाबदारी तेवढी तिची! मूल खोकलं तर दवाखान्यात पहिला प्रश्न तिलाच, "चुलीजवळ ठेवता का?" मग कुठे ठेवायचं? घर एका खोलीचं, आणि त्याला सांभाळायला दुसरं माणूस नाही.

धूर म्हणजे नुसती डोळ्यांची चुरचुर नव्हे. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या अर्धवट जळतात तेव्हा निघणारे बारीक कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला विडी ओढणाऱ्यासारखा दमा लागतो तो यामुळे. मुलांना न्यूमोनिया होतो, मोतीबिंदू लवकर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली जगभरात ३२ लाख माणसं घरातल्या धुरामुळे मेली. हे कळायला उशीर झाला म्हणावं तर तेही नाही. गुजरातमधल्या खेड्यांत चुलीपुढची बाई किती धूर ओढते याची मोजणी कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केली, ती १९८३ साली छापून आली. त्याच दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. चुली वाटल्या, आकडे भरले. पाइप काजळीने तुंबला, चूल तडकली की दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. २००२ साली कार्यक्रमच गुंडाळला.

मग २०१६ साली उज्ज्वला आली. कनेक्शन बाईच्या नावावर. मी त्याला नावं ठेवणार नाही. गॅसवर चहा उकळताना बायकांच्या तोंडावर दिसलेला आनंद मी पाहिला आहे. पण सुरुवातीला शेगडी आणि पहिला सिलिंडर ज्यांनी कर्जाने घेतला, त्यांची ती रक्कम त्यांच्याच सबसिडीतून वळती होत होती. २०२२ साली सिलिंडर हजाराच्या वर गेला. नाव तिचं, पण भरून आणायचा की नाही हे ठरवणारं पाकीट नवऱ्याच्या खिशात. त्याच्या गायछापला आणि मोबाइलच्या रिचार्जला महिन्याला पैसे निघतात. सिलिंडरचा विषय आला की "चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला येत नाही". ही चव नेमकी त्याच घरात का आठवते जिथे सरपण डोक्यावरून आणणारी फुकटची आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातल्या ४३ टक्केच घरांत स्वयंपाकाला स्वच्छ इंधन होतं. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं तर विचारूच नका. गॅस गावाकडे कुलपात आणि ती पहाटे अंधारात कोपीत तीन दगडांपुढे.

आता घरकुलाकडे येऊ, कारण मावशींचा प्रश्न भिंतीचा होता. जुन्या माळवदाच्या घराच्या छतात धूर जायला भोक ठेवलेलं असे, कौलांच्या फटीतूनही तो जाई. स्लॅबचं घर आलं आणि धूर कोंडला. पंतप्रधान आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं हवं आणि त्यात स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली आहे. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करण्याचीही तरतूद आहे. म्हणजे कागदावर भिंत मावशींचीसुद्धा आहे! हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. माझ्या पिशवीत तक्ते होते, योजनेचं परिपत्रक नव्हतं.

मैत्रिणींनो, इथे आपलंही चुकलं आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईत हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघर हा राजकारणाचा विषय होता. नंतर आपण हिंसेवर लढलो, दारूबंदीवर लढलो, ते हवंच होतं. धुराचा विषय मात्र डॉक्टरांकडे आणि गॅस एजन्सीकडे सोडून दिला. हळूहळू घुसमटून मरणाऱ्या बाईची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नाही, म्हणून ती आपल्या अहवालातही आली नाही. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने मला विचारलं, "चुलीवर बोलून आपण बाईला पुन्हा चुलीतच ढकलत नाही का?" मला उलट वाटतं. चुलीपुढे कोण बसतं आणि सरपणाचा, सिलिंडरचा, खिडकीचा निर्णय कोण घेतो, हे विचारलं की घरातल्या सत्तेचा अख्खा हिशेब बाहेर पडतो.

त्या गावात आता गटाच्या बायका नव्या घरकुलांची यादी करताहेत : कुणाच्या नावावर, स्वयंपाकाची जागा आत की मागच्या पत्र्याखाली, धूर जायला वाट आहे की नाही. पुढच्या ग्रामसभेत ती वाचायची आहे. ग्रामसभेआधीच्या बैठकीला नवऱ्यांनाही बोलावलं आहे, आणि तक्ते मी नेणार नाही.