चाळीस दिवस, रोज दोन किलोमीटर

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिवस. या सुमारास जगभर ‘मेमरी वॉक’ निघतात. स्मृतिभ्रंशाने गेलेल्या आई-वडिलांच्या आठवणीत मुलं ठरावीक अंतर चालतात आणि ओळखीचे लोक त्या चालण्यामागे देणगी देतात. आपल्या बार्शीत हे का होऊ नये?

आधी आजाराबद्दल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. तरीही मोहल्ल्यात या आजाराचं नाव कुणी घेत नाही. ‘म्हातारचळ लागलाय’, ‘असर झालाय’, ‘करणी केलीय’ एवढ्यावर विषय संपतो. ताविजाला पैसे निघतात, पण मेंदूच्या डॉक्टरसाठी सोलापूर लांब वाटतं.

माझ्या अब्बांना शेवटची पाच वर्षं हाच आजार होता. बार्शी लाइटची छोटी गाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ‘कुर्डुवाडीची गाडी चुकेल’ म्हणत ते भर उन्हात बाहेर पडायचे. शेवटी अम्मी दाराला आतून कुलूप लावून बसू लागली. त्या पाच वर्षांत ती एकाही लग्नाला गेली नाही. या आजारात घरात दोन माणसं कोंडली जातात. एक रुग्ण आणि दुसरी त्याला सांभाळणारी बाई. दुसरीची विचारपूस कुणी करत नाही.

माणूस अशा वयाला पोचतो की जाणलेलं सारं विसरतो, हे कुराणाच्या सूरह नहलमध्येही आलं आहे. ज्याची समजच गेली त्याच्यावर नमाज-रोजा फर्ज राहत नाही. मग रकात विसरलेल्या म्हाताऱ्याला चारचौघांत टोकायचं कशाला?

लपवलेला आजार उघड कसा करायचा, हे बार्शीला शिकवायची गरज नाही. फातिमा रशीद या नावाने जन्मलेल्या नर्गिस १९८१ मध्ये कॅन्सरने गेल्या. त्यांच्या नावाचं हॉस्पिटल आपल्या गावात आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथंच सुरू झाली. कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या गावांत जाऊन लोकांशी बोलले. पुढे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर सापडू लागले. लोक बोलू लागले की उपचाराची वाट सोपी होते, हे आपल्याच तालुक्याने दाखवलं आहे.

म्हणून तरुण मित्र-मैत्रिणींनो, एक सुचवतो. आपल्याकडे चाळिसाव्याला देगा चढतात. काही घरं तर त्यासाठी कर्ज काढतात. त्याऐवजी चाळीस दिवस रोज दोन किलोमीटर चाला. होतात ऐंशी किलोमीटर, बार्शी ते सोलापूरपेक्षा थोडे जास्तच. आई किंवा वडिलांचं नाव छातीवर लावा आणि आजाराचंही नाव लिहा. नातेवाइकांना सांगा, देगेत घालणार होता ते पैसे या चालण्याला द्या.

पैसे कुणाच्या खिशात नकोत. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जमा करा, पावती घ्या, हिशेब सगळ्यांसमोर ठेवा. रुग्णांचे केविलवाणे फोटो टाकून पैसे मागू नका. त्यांनाही इज्जत आहे. जमलेल्या रकमेतून गरजू घराला दिवसाचे चार तास मदतनीस मिळू शकेल, सोलापूरच्या तपासणीचा खर्च निघेल, हरवणाऱ्या माणसाच्या मनगटावर फोन नंबर लिहिलेली पट्टी येईल. मदत देताना जात-धर्म विचारू नका. सदका देताना तो विचारावा लागत नाही.

आणि ज्यांचे आई-वडील हयात आहेत त्यांनी थांबू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आज तो नंबर घरात लिहून ठेवा. शेजारच्या घरी असा रुग्ण असेल, तर या रविवारी दोन तास त्याच्याजवळ बसा आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईला बाहेर जाऊ द्या.