कॉलेजला जाण्यापूर्वीचा उन्हाळा

बारावीची परीक्षा आटोपली की पांढुर्णा-सौंसर भागातील आमच्या घरांतून एक रिकामा काळ सुरू होतो. शाळा सुटलेली असते, कॉलेज उघडलेले नसते. ज्या मुलामुलींच्या गळ्यात सूर किंवा बोटांत ताल आहे, त्यांनी हे दोन-तीन महिने कसे घालवावे? कोणी पेटीला हातही लावीत नाही. कोणी उलट, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात चमकावे म्हणून वीस-पंचवीस गाणी घाईने बसवितो. आमच्या मते दोन्ही मार्ग हानीचे आहेत.

आपल्या शेतकऱ्यांस हे समजावून सांगावयास नको. संत्र्याचा मृग बहार धरावयाचा असेल तर मे महिन्यात झाडांचे पाणी तोडून त्यांस ताण देतात. वरवर पाहणाऱ्यास बाग सुकत चाललेली दिसते; परंतु पाऊस पडला की तीच बाग फुलांनी भरते. संगीत शिकणाऱ्याचा हा उन्हाळाही तसाच असावा. फळे मागण्याचा हा काळ नव्हे. मुळे सावरण्याचा आहे.

मुळे म्हणजे स्वर आणि लय. पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, अर्धा तास षड्ज लावून बसावे. मंद्र सप्तकात सावकाश उतरावे आणि एकेका स्वरावर श्वास पुरेल तितके थांबावे. ओरडून गाऊ नये. मुलांचा आवाज वयात येताना फुटतो व स्थिर होण्यास वेळ लागतो. म्हणून लहानपणची पट्टी हट्टाने धरू नये. सामान्यतः पुरुष काळी एक-दोनच्या आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. आपली पट्टी जाणत्याकडून ठरवून घ्यावी. शक्यतो तंबोऱ्यावर गावे. पेटीचे सूर बांधलेले असतात, त्यांतून मींड निघत नाही. अशाच आक्षेपांमुळे ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली. घरी तंबोरा नसला तरी त्याचा नाद आता मोबाइलवर सहज मिळतो. तबला वाजविणाऱ्याने नवे कायदे जमविण्यापेक्षा तीनतालाचा ठेका विलंबित लयीत दहा मिनिटे न डगमगता धरून पाहावा. हे वाटते तितके सोपे नाही. तबला पत्र्याखाली उघडा मात्र ठेवू नये. कोरड्या उन्हाने चामडे ताणून सूर चढतो.

दुसरे काम ऐकण्याचे. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ साली देवासला आले, तेव्हा त्यांस गाण्याची मनाई होती. त्या काही वर्षांच्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्याची लोकगीते कान देऊन ऐकली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग घडविले. ज्या काळात गाता आले नाही, त्याच काळाने त्यांच्या गाण्यास नवा बहार दिला.

मग आपल्या भागाचे धन कोणते? १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. परंतु कॉलेजचे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीतच. आजीच्या ओठांवरच्या जात्यावरील ओव्या, पाळणे आणि हळदीची गाणी मात्र मराठी आहेत. एक वही घ्यावी आणि दुपारी आजीजवळ बसावे. शब्द उतरून घ्यावे, चाल मोबाइलमध्ये साठवावी, ते गीत कोणत्या प्रसंगी गातात तेही लिहावे. कॉलेज पुढल्या वर्षीही असेल. पुढल्या सुटीत आजी असेलच असे नाही.

तिसरे काम कर्तव्याचे. लहान गावात रविवारच्या उपासनेत पेटी वाजविणारा पुष्कळदा एकच असतो. जुलैमध्ये तो नागपूरला किंवा छिंदवाड्याला गेला की पेटीवर कापड पडते आणि गायकवृंदाचा सूर विसकटतो. म्हणून, तरुण मित्रांनो, जाण्यापूर्वी आठवी-नववीतील दोन मुलांस रोज जवळ बसवा. त्यांस अलंकार शिकवा आणि उपासनेत नेहमी लागणारी चार-पाच गीते त्यांच्या हाती बसवा. तुमचे बोट एखाद्या सुरावर का जाते हे दुसऱ्यास सांगू लागाल, तेव्हा तुम्हांसही ते प्रथमच नीट उमगेल.

आता पालकांस दोन शब्द. गाण्याने पोट भरते काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. वसंतराव देशपांडे यांनी नागपुरास शंकरराव सप्रे यांच्याजवळ गाण्याचे धडे घेतले आणि पुढे अनेक वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. नोकरीने त्यांचे गाणे मेले नाही; १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील त्यांचे खाँसाहेब आजही लोकांच्या स्मरणात आहेत. ज्यास संगीताचीच पदवी घ्यावयाची आहे, त्याच्यासाठी खैरागड येथे १९५६ साली स्थापन झालेले इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. प्रवेशाच्या अटी व तारखा निकालाची वाट न पाहता विचारून घ्याव्या. जो विज्ञान वा वाणिज्य शाखेस जाणार, त्याने वसतिगृहात सरावास जागा व वेळ मिळेल काय, याची चौकशी आधीच करावी.

आणि एक विनंती: मुलगी बी.एस्सी.ला चालली, आता पेटीचे काय काम, असे म्हणून पेटी विकू नका. सुटीत ती घरी येईल तेव्हा तिला आपल्या सुराची ओळख नव्याने करून घ्यावी लागू नये. आणि ती नसताना धाकट्यांची बोटे त्या पट्ट्यांवर फिरत राहावी.