ओट्याला सुट्टी हवी

सहजीवनाची खरी गोडी घरात असते, जहाजावर ती विकत मिळत नाही, असं सांगणारा एक लेख मध्यंतरी एका रविवार पुरवणीत वाचला. लेखकाची भाषा गोड आहे, म्हणूनच संताप अधिक झाला. कडू बोलणाऱ्याला माणसं उलट उत्तर तरी देतात. गोड बोलणाऱ्याचं कात्रण काढून नवरे ते बायकांना वाचून दाखवतात.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर पन्नाशी-साठीची जोडपी झुंडीनं जाऊ लागली आहेत. तिथे बफे आहे, पोहायचा तलाव आहे, रात्री नाचगाणी आहेत. समुद्राकडे कुणी बघत नाही. ज्यांचं घरात पटत नाही तेच या तरंगत्या मॉलमध्ये प्रेम शोधायला जातात. ज्यांचं पटतं त्यांना सकाळचा चहा, गॅलरीतली तुळस आणि दोघांनी मिळून निवडलेली मेथी एवढं पुरतं. आणि दोन-चार दिवसांनी त्याच घरी परतायचंच असतं, मग गेलात कशाला?

समुद्राकडे कुणी बघत नाही, हे धादांत खोटं आहे. पहाटे डेकवर जाऊन पाहावं, कठड्याशी उभं राहायला जागा नसते. खर्च परवडत नाही त्यांनी जाऊ नये, हे कुणी कुणाला सांगायची गरज नाही. मॉल म्हणाल, तर घराखालचा मॉल या लेखकाला कधी खटकल्याचं वाचनात नाही. जहाजांच्या धुराचा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसून ऐकलं असतं. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणावी लागली, ती त्या धुरापायीच. पण त्यांना धुराची काळजी नाही. त्यांना मेथीची आहे.

तर मेथी. दोघांनी मिळून निवडली, छान झालं. पण जुडी कुणी आणली? निवडल्यावर पडलेली माती, देठं आणि ओला पेपर कुणी उचलला? तीन पाण्यांतून कुणी धुतली, चिरली, फोडणीला टाकली, आणि ती शिजताना दुसऱ्या शेगडीवर पोळ्या कुणी लाटल्या? निवडणं हे त्या सगळ्या कामातलं एकमेव बैठं काम आहे, टीव्हीसमोर बसून होण्याजोगं, आणि लेखकाला आठवलं ते नेमकं तेवढंच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. यातले ९७ सुद्धा जे करतात त्यांचेच. दिवसभरात असलं काही काम केलेले पुरुष शंभरात सव्वीस होते, स्त्रिया एक्क्याऐंशी. सकाळच्या चहाची थोरवी गाणाऱ्यानं आधी एवढंच सांगावं, की तो चहा त्याच्या घरी कोण टाकतं. जो चहा हातात आयता येतो त्याच्यावर कविता सुचते. जो रोज करावा लागतो त्याचं पातेलं घासायचं असतं.

आता ज्या बफेला त्यांनी नाकं मुरडली त्याबद्दल. गेल्या वर्षी आम्ही दोघं मुंबई-गोवा गेलो होतो तेव्हा नाश्त्याला डोशाच्या तव्यापुढची रांग मी बराच वेळ पाहत बसले. माझ्या वयाच्या बायका ताटली घेऊन उभ्या होत्या. तव्यावरून उतरलेला डोसा थेट ताटलीत यायचा आणि त्या तिथल्या तिथे, खुर्ची शोधायच्या आधीच, त्याचा एक तुकडा मोडून तोंडात टाकायच्या. बाहेरून बघणाऱ्याला तो अधाशीपणा वाटेल. ज्या घरात डोसे होतात त्या घरातल्या बाईला ठाऊक आहे की डोसा घालणारीनं कुरकुरीत डोसा खायचा नसतो. पहिला मुलाला, दुसरा सासऱ्यांना, मग नवऱ्याला, मग ‘अजून एक’ म्हणणाऱ्याला. तिच्या वाट्याला उरलेल्या पिठाचा जाडसर, तो सुद्धा गॅस बंद करून, गार. पुऱ्यांचं तेच, घावनांचं तेच, थालिपीठाचं तेच. वर्षानुवर्षं दुसऱ्यांना गरम वाढलेल्या बाईनं एक दिवस गरम खाल्लं, आणि या गृहस्थांना त्यात संस्कृतीचा ऱ्हास दिसला. ‘बफेवर तुटून पडणारी जोडपी’ हे त्यांचे शब्द. त्या रांगेत पुरुष किती आणि बायका किती, हे त्यांनी पाहिलं नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, आणि लेखात ते ओझरतं आलंही आहे: जहाजावरही कुणीतरी राबतंच ना? राबतं. खोल्या झाडणारी, बशा उचलणारी, भटारखान्यात घाम गाळणारी माणसं तिथे आहेत. गोव्यातल्या सासष्टीसारख्या भागात पिढ्यान्‌पिढ्या घरटी कुणी ना कुणी बोटीवर असतं. महिनोन्‌महिने घराबाहेर, बायको एकटीनं मुलं वाढवते. त्या विरहावर लिहा, मी खाली सही करीन. पण त्या आचाऱ्याची गोष्ट काढलीच आहे तर पुरती काढू. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे जहाजावरच्या कामगाराला चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती द्यावी लागते, आठवड्यात किमान सत्त्याहत्तर. ती दोनापेक्षा जास्त तुकड्यांत मोडता येत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असावाच लागतो. ही विश्रांती फार नाही, हे मला दिसतं. नियम नेहमी पाळला जातो, असंही मी म्हणत नाही. पण नियम लिहिलेला आहे, पगार ठरलेला आहे, आणि करार संपला की आचारी घरी जातो. घरच्या ओट्याशी उभ्या असलेल्या बाईसाठी असा एक कागद दाखवा. लहान मूल किंवा आजारी सासू असलेल्या घरात सलग सहा तासांची झोप मोजून दाखवा. मग मी क्रूझचं नाव काढणार नाही.

असले गोड लेख मी लहानपणापासून वाचत आले आहे, आणि विषय बदलला तरी चाल तीच असते. मिक्सर आला तेव्हा पाट्यावरच्या चटणीची चव गेली म्हणून गळे काढले गेले. वरवंटा ओढणाऱ्या खांद्यांचं कुणी विचारलं नाही. मग पोळी-भाजी केंद्रं निघाली. विकतची पोळी ज्या घरात आली त्या घराचं घरपण गेलं, असं व्याख्यानांतून ऐकवलं गेलं. खरं तर गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी कित्येक वर्षं हजारो गिरणी कामगारांना पोळी-भाजीच घातली होती, आणि त्या जेवणाला कुणी घरपणाविना म्हटल्याचं आठवत नाही, कारण तेव्हा जेवणारा पुरुष एकटा होता. बाईची सुटका झाली की मात्र चव बिघडते. काशीयात्रेला या मंडळींचा विरोध नसतो. आपल्याकडच्या सहल कंपन्या सोबत आचारी घेऊन हिमालयात पिठलं-भाकरी वाढतात, त्याचं तर कौतुक होतं. देव किंवा बर्फ दिसला की सुट्टी पवित्र होते. नुसतं पाणी बघत बसायला दोघं निघाली की लगेच संशय, की यांचं घरी बरं चाललेलं दिसत नाही.

माझं स्वतःचं म्हणणं याहून साधं आहे. कोकणातल्या संसारांना समुद्रानं पिढ्यान्‌पिढ्या तोडलं आहे. नवरा मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, बायको गावी शेत आणि सासू सांभाळत. हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, अशा बंदरांवर आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं उतरायची. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे तेवढे महिने माणूस येण्याची आशाही बंद. किती बायकांनी हा समुद्र फक्त किनाऱ्यावरून पाहिला, वाट बघण्यापुरता. त्याच किनाऱ्यासमोरून रात्री जहाज जातं आणि डेकवर नवरा-बायको दोघं सोबत उभी असतात, यात मला चंगळ दिसत नाही. फार उशिरा झालेली भरपाई दिसते.

आणि एक. किनारा मागे पडला की फोनची रेंज जाते. सिलिंडर आला का, कामाच्या बाई उद्या येणार का, सोसायटीचं पाणी किती वाजता, यातलं काहीही तिथे पोचत नाही. लग्नाला तीस वर्षं झालेल्या जोडप्यांचं बोलणं बहुतेक याच यादीचं झालेलं असतं. यादी काढून घेतली की पहिले काही तास काय बोलावं ते सुचत नाही. मी दोन्ही दिवस आजूबाजूला अशी गप्प बसलेली जोडपी पाहिली. दुसऱ्या संध्याकाळी त्यातली बरीचशी बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही, येण्याचं कारणही नाही. हे घरी होऊ शकत नाही का? होऊ शकतं, त्या घरातल्या दुसऱ्यानं ओट्याशी उभं राहायचं ठरवलं तर.

उरला त्यांचा शेवटचा प्रश्न, परतायचंच असतं तर गेलात कशाला. परतल्यावरचा पहिला तास पाहा म्हणजे कळेल. दार उघडतं, घर कोंदट झालेलं असतं, फ्रिजमध्ये विरजणापुरतंही दही नसतं, कपड्यांनी भरलेली बॅग दारातच. एकजण पंखा लावून सोफ्यावर टेकतो आणि दुसरी पर्स खांद्यावरून न उतरवता स्वयंपाकघरात जाते. हा दोष जहाजाचा नाही. म्हणून ओळखीच्या प्रत्येक जोडप्याला मी सांगते, की मुंबईचे दिवे दिसायच्या आधी, डेकवरच, हे ठरवून घ्या: दूध कोण आणणार, मशीन कोण लावणार, रात्री बाहेरून मागवायचं की खिचडी टाकायची, आणि खिचडी असेल तर ती कोण टाकणार.