कोंबडीचा हिशेब वावरात मांडा

बोकडापेक्षा कोंबडी बरी, असं पर्यावरणाची काळजी करणारेही आता सांगतात. रवंथ करणाऱ्या जनावरांसारखा मिथेन ती सोडत नाही आणि किलोभर वजन चढायला तिला दीड-पावणेदोन किलो खाद्य पुरतं. हे खरंच आहे. पण त्यावरून कोंबडीच्या मांसाचा निसर्गावर फारसा भार नाही असं ठरवणं मला मान्य नाही. हा हिशेब शेडच्या दाराशी सुरू होतो. तो मारेगावसारख्या सोयाबीन पिकवणाऱ्या गावाच्या वावरात सुरू व्हायला हवा.

ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि पाव ते एक तृतीयांश सोयाबीनची ढेप असते. दोन किलोची कोंबडी विक्रीला जाईपर्यंत सुमारे नऊशे ग्रॅम ढेप खाते. क्विंटलभर सोयाबीनमधून अठराएक किलो तेल निघतं आणि ऐंशीएक किलो ढेप. एकरी पाच क्विंटल पिकलं, तर त्या एकराची ढेप साडेचारशे कोंबड्यांना पुरेल. त्या कोंबड्या राहतात अर्ध्या गुंठ्यात, खातात अख्खा एकर. मक्याचं रान वेगळंच.

‘ढेप काय, तेल काढल्यावर उरतेच,’ असं यावर म्हणतात. ज्या दाण्यातून तेलाच्या चौपटीहून जास्त ढेप निघते, त्यात ढेपेला उरलंसुरलं कसं म्हणायचं? 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा पोल्ट्री उद्योगानेच ढेप परवडत नाही म्हणून आयातीची मागणी केली. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन ढेप आणायला परवानगी दिली, आणि नवं पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव कोसळले. तसलं बी पेरायची परवानगी मारेगावच्या शेतकऱ्याला नाही. त्याची ढेप मात्र तेव्हा चालली. ‘आमची कोंबडी देशी सोयाबीनवर वाढते, तिच्यासाठी ब्राझीलचं जंगल तुटत नाही,’ या दाव्याचा आधार इतका कच्चा आहे.

आणि सोयाबीन आलं तेव्हा इथलं काय गेलं? ज्वारी गेली. तिच्याबरोबर कडबा गेला, कडब्यावर जगणारे बैल कमी झाले, शेणखत आटलं. त्याची जागा डीएपी खताच्या पोत्याने घेतली. सोयाबीन द्विदल आहे, मुळांवरच्या गाठींतून बराचसा नत्र ते स्वतः मिळवतं. स्फुरद मात्र हवेतून मिळत नाही. तो दाण्यात भरून वावराबाहेर जातो, ढेपेत उतरतो आणि कोंबडीच्या पोटात पोचतो. पण दाण्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास स्फुरद फायटेटच्या रूपात असतो. कोंबडीला तो नीट पचत नाही, विष्ठेतून बाहेर पडतो. जिथे शेडची गर्दी तिथे तो साचतो, पावसाबरोबर ओढ्यात उतरतो. इकडे मारेगावचा शेतकरी उधारीवर नवं पोतं आणतो, आणि त्यासाठीचा कच्चा माल देश बव्हंशी परदेशातून विकत घेतो.

तर मग गावरान कोंबडी पाळा, असा सल्ला मिळतो. अंगणात किडे, सांडलेले दाणे, शिळं अन्न खाऊन वाढते तोवर ती खरोखर हलकी. पण तिलाच विकतच्या खाद्यावर वाढवलं तर किलोमागे ब्रॉयलरपेक्षा जास्त खाते. आणि मांसच सोडा, हे मजुरीवर घर चालवणाऱ्याला सांगायला माझी जीभ धजत नाही. आठवड्याला एकदा होणारी कोंबडी हीच त्या घरातल्या पोरांची चांगली प्रथिनं.

म्हणून माझं मागणं खाद्याबद्दल आहे. फायटेटमधला स्फुरद मोकळा करणारं फायटेज हे विकर प्रत्येक खाद्यात असावं, लहान कारखान्यांच्याही. मक्याचा काही भाग कमी टॅनिनच्या ज्वारीने भरून निघतो. खाद्यवाल्यांनी ती पेरणीआधी भाव ठरवून इथून घ्यावी, म्हणजे कडबाही परत येईल. खाद्याच्या पोत्यावर प्रथिनांचे टक्के छापतात, तसं ढेप कुठली तेही छापावं. आणि सोयाबीन ज्या वावरांतून गेलं, तिथे कुजवलेलं कोंबडीखत पोचवायच्या वाहतुकीचा खर्च पोल्ट्री कंपन्यांनी उचलावा, मृगाच्या आधी.