वाटा पाच जणांचा, मग पडकी भिंत कुणाची?



मृग तोंडावर आलाय. सगळे बी-खताच्या मागं आहेत. पण आज पिकाचं नाही, गावातल्या बंद घरांचं लिहितो.

आमच्या मराठवाड्यात गल्लीगल्लीत माळवदाचं एखादं घर कुलूप लावून पडलेलं दिसतं. म्हातारा-म्हातारी गेली, पोरं पुण्या-मुंबईला. माळवदाला दरसाल पावसाआधी हात लावावा लागतो. गवत उपटायचं, उंदराची बिळं बुजवायची, पांढरी माती टाकायची, पन्हाळ मोकळी करायची. दोन-तीन पावसाळे हे झालं नाही की पाणी भिंतीत मुरतं आणि भिंत फुगते. दगडमातीची भिंत अन् वरचं मातीचं ओझं माणसाचं काय करतं, ते 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत बघितलंय. तिथं भूकंप होता. फुगलेल्या भिंतीला चार दिवसांची झड पुरते.

वारसांना फोन केला की उत्तर ठरलेलं. "अजून आमच्या नावावर कुठं झालंय?"

हे चुकीचं आहे. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं माणूस गेला त्याच घडीला त्याचा वाटा मुलगा, मुलगी, बायको आणि आई यांच्याकडं जातो. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला नाव लागणं ही नुसती नोंद. नोंद नाही म्हणून मालकी थांबत नाही, जबाबदारीही नाही.

बापाचं कर्ज वारसाला बापाकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच लागतं. पण भिंत उद्या शेजाऱ्याच्या गोठ्यावर, लेकरावर पडली तर ते बापाचं देणं नाही. ती आपली हयगय.

दुसरी भीती मी जास्त ऐकतो. "मी दुरुस्ती केली तर भाऊ म्हणतील घर बळकावतोय. पाडलं तर हक्क जाईल." असं काही होत नाही. घर पाडलं तरी जागेवरचा हिस्सा राहतो. एकानं माती टाकली किंवा घरपट्टी भरली म्हणून तो एकटा मालक होत नाही. या भीतीपायी पाच वारस एकमेकांकडं बघत बसतात आणि घर शेजाऱ्याच्या अंगावर येतं. बांधाच्या वितभर जागेला भांडणारे आपण, भिंतीला मात्र कुणीच धनी नाही.

बहिणीचंही बोलतो. सही घेऊन तिला वाट्यातून काढलं असेल तर खर्चाला तिच्याकडं हात पसरू नका. वाटा ठेवला असेल तर तिनंही खर्च द्यावा.

माझं मत असं. वर्षश्राद्धाला सगळे जमतात, तेव्हाच ठरवा. ठेवायचं का उतरवायचं? सगळ्यांच्या सह्यांचा कागद करा, फोटो काढा, खर्चाच्या पावत्या जपा, वाटणीत हिशोब धरा. ज्याला नकोच त्यानं हक्कसोड करावी, पण ती दुय्यम निबंधकाकडं नोंदवून. घरी स्टॅम्पवर लिहिलेली चालत नाही.

आणि शेजाऱ्यांनी तोंडी सांगत बसू नका. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. वारसांनाही त्याचा फोटो पाठवा.

पाऊस वारसनोंदीची वाट बघत नाही. गावाकडं कुणाचं घर बंद असेल तर पेरणीआधी एक चक्कर मारा.

पटलं तर पुढं पाठवा.